काचेआडचा उन्हाळा

आमच्या भागात एप्रिल लागला की पेपर हातात आल्यावर आधी पाहायचा तो विदर्भाच्या तापमानाचा तक्ता. चंद्रपूर किती, ब्रह्मपुरी किती, अकोला किती, यवतमाळ किती. त्या तक्त्यात मारेगाव नसतं. यवतमाळहून करंजीमार्गे वणीकडे आणि पुढे चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं तालुक्याचं गाव. दोन्हीकडचे आकडे पाहून मधला आपला आपणच धरायचा. पानठेल्यावर कोणी म्हणतं पंचेचाळीस, कोणी म्हणतं, “सत्तेचाळीस तं असनच बाप्पा!” माणसांचं अशा अंदाजावर भागतं. दुपारचं काम संध्याकाळवर ढकलता येतं, डोक्याला दुपट्टा गुंडाळता येतो, कूलरच्या तोंडाशी सतरंजी टाकता येते. माझ्या घरातल्या काचेच्या पेटीतल्या माशांना यातलं काहीच करता येत नाही. त्यांच्या पाण्याचं तापमान म्हणूनच मी अंदाजावर सोडत नाही.

पेटी साधारण शंभर लिटरची आहे. गप्पी, मोली आणि गुरामी. पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला लावून ठेवली आहे. शेजारच्या आजी कधी बसायला आल्या की पेटीत दोन बोटं बुडवून सांगतात, “थंड तं हाये पाणी. मासोया मजेत हायेत तुह्या.” आजींचा हात खोटं बोलत नाही, पण हाताला तापमान कळतच नाही. त्याला कळतं ते एवढंच, की ऊब त्याच्यातून निघून चालली आहे की त्याच्यात येते आहे. आपल्या कातडीचं तापमान असतं ३३-३४ अंश, उन्हाळ्यात त्याहून थोडं जास्तच. ३१ अंशांचं पाणी तिच्यातली ऊब ओढून घेतं, म्हणून ते गार लागतं. त्याच ३१ अंशांत गप्पीचा श्वास वाढलेला असतो. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात कोमट लागतं, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. थर्मामीटर सोडून पाहिला तर दोन्ही ऋतूंत ते आमच्याकडे २७-२८ अंशांच्या आसपासच भरतं. बदललेली असते ती बाहेरची हवा आणि आपली कातडी.

माशाला मात्र पाण्याचं तापमान नेमकं कळतं, कारण तेच त्याच्या शरीराचं तापमान असतं. समुद्रातले काही मोजके मासे सोडले तर माशाला स्वतःची अशी ऊब नसते. पाणी दहा अंशांनी तापलं की त्याच्या शरीरातले व्यवहार साधारण दुप्पट वेगाने होऊ लागतात. भूक वाढते, मलमूत्र वाढतं, प्राणवायूची गरज वाढते. आणि नेमका तेव्हाच पाण्यातला प्राणवायू कमी होत जातो. २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात हवेतून जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळून राहतो. ३५ अंशांना तो सातवर येतो. माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या अमोनियाचा विषारी भागही उष्णतेबरोबर वाढतो. म्हणजे गरज वाढलेली, पुरवठा घटलेला आणि वर विषाची भर. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करू लागतात ती या कोंडीत सापडल्यावर. ते पाहून धावाधाव करण्यात अर्थ असतो, पण तोवर बराच उशीर झालेला असतो. थर्मामीटर पेटीत असतो तो त्याच्या आधीचे तास दिसावेत म्हणून.

नदीत हे असं होत नाही. वर्धा नदी उन्हाळ्यात आटत जाते, तरी तिच्या डोहांत तळाशी गारवा टिकून असतो. मासा खाली जातो, कपारीत शिरतो, काठच्या झाडाची सावली धरतो. मरळ तर आटलेल्या डबक्यातही तग धरते. ती वर येऊन थेट हवाच घेते. उन्हापासून सरकून जाण्याची ही मोकळीक आपण पेटीत काढून घेतो. चार काचा, एक तळ, सगळीकडे एकच पाणी. मासा पाळणं म्हणजे त्याच्या वाट्याचा डोह शोधण्याचं काम आपल्या अंगावर घेणं, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच आमच्या भागात गोल्डफिश कोणी घेऊ नये आणि कोणी विकूही नये. त्याला मानवणारं पाणी १८ ते २४ अंशांचं. मे महिन्यात विहिरीतसुद्धा तेवढं गार पाणी नसतं, पेटीत कुठून आणायचं?

तापमान मोजायला बाजारात मुख्यतः तीन साधनं मिळतात. पहिली, काचेला बाहेरून चिकटवायची रंग बदलणारी पट्टी. तिच्यातल्या द्रवस्फटिकांचे थर मळसूत्रासारखे पिळलेले असतात. उष्णतेने तो पीळ बदलतो आणि त्याबरोबर परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा रंगही. ज्या आकड्यामागे हिरवा उजळतो तो वाचायचा. युक्ती सुंदर आहे, पण पट्टीची एक बाजू काचेला आणि दुसरी खोलीच्या हवेला लागलेली असते. कूलर सुरू असला की ती पाण्यापेक्षा कमी दाखवते; लाइट गेली आणि खोली तापली की जास्त. ती सांगते ते पाणी आणि खोली यांच्या मधलं काहीतरी, आणि उन्हाळ्यात या दोघांतलं अंतरच आपल्याला नडतं.

दुसरं साधन, काचेची नळी. आत रंगीत अल्कोहोल, मागे छापील कागदी पट्टी, वर रबरी चकती. ही पाण्यात असते, त्यामुळे पाण्याचंच सांगते. फक्त नळीतली कागदी पट्टी जरा खालीवर सरकलेली असली की सगळे आकडे तेवढ्याने चुकतात. वाहतुकीत रंगीत द्रवाची रेघ मधेच तुटते आणि वरचा तुकडा तसाच लटकून राहतो. तेही नीट निरखल्याशिवाय दिसत नाही. वाचताना डोळे द्रवाच्या टोकाच्या बरोबर समोर हवेत. उभ्या उभ्या वरून वाचलं तर अर्धा-एक अंश सहज हुकतो.

तिसरं, डिजिटल. काळ्या वायरच्या टोकाशी इवलासा थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध घटतो आणि आतलं सर्किट त्याचा आकडा करतं. पडद्यावर ३०.४ असं येतं आणि माणसाचा विश्वास बसतो. दशांश चिन्हात मोठा रुबाब असतो. पण खोक्यावर बारीक अक्षरांत ‘एक अंश कमीजास्त’ असं लिहिलेलं सापडेल. पडदा एक दशांशापर्यंत आकडा दाखवतो याचा अर्थ साधन एक दशांशापर्यंत खरं आहे असा होत नाही. तीच पेटी, तेच पाणी. पट्टी सांगते २९, नळी ३०, डिजिटल ३१.४. यातलं कोणतं धरायचं? तिन्हींची सरासरी काढणारे लोक मला भेटले आहेत. ती सरासरी निरुपयोगी आहे. तीन चुकांची बेरीज करून तिनाने भागलं तर खरं उत्तर येईल असं कोणी सांगितलं?

ताळा पाहायचा तर ज्याचं तापमान निसर्गाने ठरवून दिलं आहे अशी वस्तू लागते. ती प्रत्येक फ्रीजमध्ये असते. माझी आठवीतली पुतणी सुटीत आली होती, तिला घेऊन बसलो. बर्फ स्वच्छ फडक्यात बांधून बत्त्याने बारीक कुटला, स्टीलच्या पेल्यात दाबून भरला. ती लगेच म्हणाली, “काका, फ्रीजरमधला बर्फ तर उणे अठरापर्यंत असतो. मग तो शून्य कसा दाखवेल?” प्रश्न अगदी नेमका होता. नुसता कोरडा बर्फ शून्यावर नसतोच. त्यात फिल्टरचं पाणी ओतायचं, बर्फाच्या चुऱ्यातल्या फटी भरतील एवढंच. मग ढवळायचं आणि थांबायचं. बर्फ पाण्यातली उष्णता घेत घेत शून्यावर येतो, पाणी उष्णता देत देत शून्यावर येतं, आणि जोवर दोन्ही एकत्र आहेत तोवर ते मिश्रण शून्याच्या पुढे हलत नाही. बाहेर पंचेचाळीस असोत की पंधरा, वितळणारा बर्फ शून्यालाच बसून असतो. मात्र पाणी क्षाराचं नको. क्षार असले की शून्य खाली घसरतं, आणि आमच्या बोअरचं पाणी जडच. वायरचं टोक पेल्याच्या मधोमध धरलं, कडेला किंवा बुडाला न टेकवता. आकडा भराभर उतरला, मग रेंगाळला, आणि ०.७ वर ठरला.

पण शून्यावरची चूक तिसावरही तेवढीच असेल असं गृहीत धरता येत नाही, आणि आपल्याला गरज तिसाच्या आसपासची. इथे घरातला तापाचा थर्मामीटर कामी येतो. माणसाच्या जिवाशी संबंध असल्याने त्याला एक दशांश अंशापर्यंत खरं असावं लागतं. भांड्यात कोमट पाणी घेतलं, दोन्ही टोकं रबरबँडने एकमेकांना बांधली आणि पाणी हलवत राहिलो. उन्हाचा पारा आपण सेल्सिअसमध्ये बोलतो आणि अंगातला ताप अजून फॅरनहाइटमध्ये. पुतणीने वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला: ९८.६ म्हणजे ३७. तापाचा थर्मामीटर ९८.६ वर असताना डिजिटलवर ३७.७ होते. दोन्ही ठिकाणी फरक तोच. तिने चिकटपट्टीच्या तुकड्यावर ‘वजा ०.७’ लिहून तो पडद्याखाली लावला. नळीचीही तशीच परीक्षा झाली. ती सदतिसाला छत्तीस दाखवत होती, तिच्यावर ‘अधिक १’. म्हणजे त्या पेटीतलं पाणी खरं तर ३०.७ ते ३१ च्या दरम्यान होतं, आणि तिघांपैकी एकाचाही आकडा तो नव्हता.

हे करताना मला नेहमी अण्णा मणी आठवतात. त्रावणकोर संस्थानात १९१८ साली जन्मलेल्या, सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्यांच्या प्रकाशावर काम केलेल्या, लंडनला हवामानाची उपकरणं शिकून १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झालेल्या अण्णा मणी. नव्यानेच स्वतंत्र झालेल्या देशात साधीसाधी हवामान उपकरणंही बाहेरून येत होती. ती इथे बनावीत यासाठी त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले, आणि प्रत्येक उपकरण प्रमाणाशी ताडून पाहण्याबद्दल त्या कमालीच्या आग्रही होत्या. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, हा त्यांच्या कामाचा कणा. पेपरातल्या ज्या तक्त्याकडे आपण रोज पाहतो, त्याच्या खरेपणामागे अशा माणसांची आयुष्यं आहेत.

हा आग्रह किती गरजेचा आहे ते मे २०२४ मध्ये दिसलं. नवतपा, म्हणजे सर्वांत तापते मानले जाणारे नऊ दिवस, सुरू होता. २९ तारखेला दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले. दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने थेट ५६. आमच्याकडे मोबाइल थरथरू लागले. जो तो तो आकडा पुढे पाठवत होता. हवामान खात्याने तपासून सांगितलं की दोन्ही ठिकाणी दोष संवेदकांचा होता. मुंगेशपूरचं यंत्र तीन अंश जास्त दाखवत होतं. दुरुस्तीची बातमी मात्र फारशी कोणी पुढे पाठवली नाही. त्या दिवसांत ऊन खरंच जीवघेणं होतं, त्याला खोट्या आकड्याची गरजच नव्हती. उलट खोटा आकडा उघडा पडला की लोक खऱ्या उन्हाळ्यालाही हसण्यावारी नेतात, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

साधन खरं असलं तरी ते कुठे आणि कधी वाचायचं हा प्रश्न उरतोच. हवामान खातं थर्मामीटर पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर ठेवतं, ते ऊन आणि जमिनीची धग थेट लागू नये म्हणून. पाण्याच्या पेटीतही तसंच. टोक दिव्याखाली नको, हीटरजवळ नको, काचेला टेकलेलं नको. मध्यावर, हवेच्या बुडबुड्यांपासून थोडं दूर. पंप सुरू असतो तोवर पाणी घुसळत राहतं आणि वर-खाली फरक पडत नाही. लाइट गेली की पंप थांबतो, तापलेलं पाणी वरच राहतं, आणि तासाभराने वर एक, तळाशी दुसरंच तापमान असतं. मग मासे वर का येतात आणि पुन्हा खाली का जातात ते कळतं: वर हवा आहे आणि खाली गारवा, दोन्ही एका जागी नाही.

वेळेचंही तसंच. हवेचा कमाल आकडा दुपारी अडीच-तीनचा. शंभर लिटर पाणी इतक्या लवकर तापत नाही. भिंती तापतात, त्या खोलीला तापवतात, खोली पाण्याला तापवते. माझ्या पेटीतलं सर्वांत जास्त तापमान दिवेलागणीनंतर येतं, बाहेर अंगणात खाटा टाकल्या जात असतात तेव्हा. सर्वांत कमी पहाटे. दुपारी दोनला पाहून “ठीक आहे” म्हणत झोपणाऱ्याला पेटीचा खरा उन्हाळा कधी दिसतच नाही. सकाळी सात आणि रात्री आठ, हे दोन आकडे वहीत लिहिले की पुरे. त्यातही मी त्या दोन आकड्यांतलं अंतर जास्त पाहतो. मासा सावकाश वाढलेले दोन-तीन अंश सोसतो, त्याला झटका सोसत नाही. पाण्यात बर्फाच्या बाटल्या टाकण्याला माझा विरोध आहे तो म्हणून. आणि दुपारी छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी नळाने थेट पेटीत सोडणं तर क्रूरपणाच. त्या वेळी त्या पाण्याचा हाताला चटका बसतो.

थंड करायचा आमचा उपाय माठाचाच आहे. झाकण काढून वर जाळी टाकायची आणि पाण्यावर तिरपा छोटा पंखा सोडायचा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जी उष्णता लागते ती शंभर लिटर पाण्याला पाच-सहा अंश खाली आणायला पुरेशी असते. भिंतींकडून परत उष्णता येत राहते म्हणून प्रत्यक्षात उतरतात तीन-चार. आमचा मे कोरडा, म्हणून हे जमतं. ज्या कोरड्या उन्हाने आमचे ओठ फाटतात तेच पेटीतलं पाणी निववतं. मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा फारसं काही करणार नाही. आणि मृग लागला, हवेत ओल आली की मारेगावातही नाही. जूनच्या मध्यावर, पहिल्या सरींनंतरच्या ढगाळ, घामट आठवड्यात बाहेरचा पारा उतरलेला असतो, घरातली माणसं “सुटलो” म्हणत असतात, आणि वहीत पेटीचा आकडा मेपेक्षा वर गेलेला दिसतो. वही नसती तर मला हे कधी कळलंच नसतं. त्या दिवसांत पंखा सुरू ठेवून उपयोग नसतो. दिवा बंद, खाणं कमी आणि पहाटे साठवलेल्या पाण्याने थोडं थोडं पाणी बदलणं, एवढंच हाती असतं. वाफ झालेल्या पाण्याची भरपाई मी फिल्टरच्या पाण्यानेच करतो. क्षार वाफेबरोबर जात नाहीत, ते पेटीत साचत राहतात.

हिवाळ्यात हिशेब उलटा होतो. कापसाच्या दिवसांत, पौषातल्या एखाद्या रात्री आमच्याकडे पारा दहाच्या आसपास उतरतो. तेव्हा हीटर लागतो. त्याच्या चकतीवर २६ लिहिलेलं असतं, पण तोही एक छापील आकडाच. त्याची खातरजमा चिकटपट्टीवरची दुरुस्ती लावलेल्या थर्मामीटरनेच करायची. हीटर आतून चिकटला तर तो बंदच होत नाही, आणि उन्हाने होणार नाही एवढा घात हिवाळ्याच्या एका रात्रीत होतो. रात्रीचा आकडा मी डिसेंबरातही चुकवत नाही तो म्हणून.

आता गल्लीत बर्फाच्या परीक्षेची ख्याती झाली आहे. मागच्या आळीतल्या एका मुलाने फायटर मासा आणला, काचेच्या गोल भांड्यात ठेवला आणि आपला थर्मामीटर तपासायला घेऊन आला. वडीलही सोबत होते. “एका माशासाठी इतकं?” त्यांनी विचारलं, त्यात कुचेष्टा नव्हती, खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, “भाऊ, दोन-तीन लिटरचं भांडं आहे. आमच्या पेटीला तापायला दिवस लागतो, याला तास पुरतो. फायटर हवा वरून घेतो, त्यामुळे गुदमरणार नाही. पण तापणार तोही.” बर्फ कुटण्याचं काम मुलानेच केलं. त्याचा थर्मामीटर शून्याला उणे दोन दाखवत होता. कोमट पाण्यातही दोन कमी. म्हणजे घरी तो तीस वाचत होता तेव्हा पाणी बत्तीस होतं. त्याने चिकटपट्टीवर ‘अधिक २’ लिहिलं, वडिलांनी भांडं टीव्हीशेजारून उचलून माजघरात, ओल्या माठाच्या बाजूला ठेवायचं कबूल केलं, आणि जाता जाता विचारलं की असलंच थोडं मोठं भांडं वणीला केवढ्याला पडेल.